उजवा गुडघा, सबनीस मॅडम यांच्या हवाली

दिनांक सात ऑगस्ट, सकाळी सहा वाजून वीस मिनिटं. स्थळ: दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीचा तिसरा मजला. हजर: मी, पाचव्या मजल्यावरच्या सबनीस मॅडम, आणि चपला-बुटांचे एकूण नऊ जोड. त्यांपैकी आठ जोड उलटे करून आपापल्या दारासमोर मांडलेले होते. नववा मॅडमच्या हातात होता. तो माझा होता.

"पाटणकर ना तुम्ही?" मॅडम बुटाकडे बघत म्हणाल्या. "उजव्या पायावर भार देत नाही तुम्ही. ही डावी टाच बघा, किती झिजलीय. उजवा गुडघा दुखतो?"

"नाही."

"जिना उतरतानासुद्धा नाही?"

"मॅडम, हे बूट माझ्या मेव्हण्याचे आहेत. त्याला घट्ट व्हायला लागले म्हणून मला दिले. मी चार दिवस घालतोय."

दुसरं कुणी असतं तर ओशाळलं असतं. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "तरीच. मी स्वतःला विचारायला हवं होतं, आणि नसेल तर? विसरले. मेव्हणे कुठे असतात?"

"नाशिकला."

"मग त्यांचा नंबर द्या."

मी नंबर दिला. मेव्हण्याचा उजवा गुडघा दोन वर्षं दुखत होता आणि त्यानं ते घरात कुणालाही सांगितलं नव्हतं, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं. माझी बायको नलिनी अजूनही म्हणते, "सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही, बुटानं सांगितलं."

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात हिशेब तपासतो. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या आकड्यांवर पेन्सिलीनं खुणा केल्यामुळे मला न मोजता आलेल्या गोष्टींबद्दल थोडा संशय असतो. त्यामुळे मॅडमबद्दल जे लिहितो आहे ते शक्य तिथे मोजून लिहितो आहे. वय अडुसष्ट. उंची पाच फूट एक इंच. लिफ्टचा वापर: शून्य. पाचव्या मजल्यापासून तळापर्यंत नव्वद पायऱ्या आहेत, त्या दिवसातून किमान दोनदा उतरतात आणि चढतात, आणि उतरताना वाटेतल्या चपला तपासतात.

यावर सोसायटीत तक्रार झाली. सेक्रेटरी गुप्ताजींनी कॅमेऱ्याचं फुटेज मीटिंगमध्ये दाखवलं. पडद्यावर मॅडम कुणाची तरी सँडल उजेडाला धरून बघत होत्या. गुप्ताजी म्हणाले, "मैडम, ये क्या तरीका है? लोगों की प्राइवेसी होती है."

मॅडम म्हणाल्या, "बिल्कुल होती है. गुप्ताजी, दाएँ कूल्हे में दर्द कब से है?"

गुप्ताजींचा हात आपोआप उजव्या खुब्यावर गेला. मग हळू आवाजात म्हणाले, "दो साल से." तक्रार तिथेच निकाली निघाली. इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं आहे. मी तपासलं.

मॅडमच्या घरी चहाला जाणं म्हणजे परीक्षेला बसणं. त्यांच्याकडे सहा खुर्च्या आहेत आणि सहाही वेगवेगळ्या उंचीच्या. प्रत्येकीच्या खाली इंच लिहिलेले आहेत. तुम्ही कोणत्या खुर्चीतून हात न टेकता उठू शकता हे त्या चहा ओतताना बघतात. कपही स्वतः घ्यायचा. ज्याचा खांदा आखडलाय त्याचा कप वरच्या फळीवर, ज्याची कंबर धरलीय त्याचा खालच्या कप्प्यात. चौथ्या मजल्यावरच्या आंटींचा कप दर आठवड्याला दोन इंच वर चढत होता. दिवाळीपर्यंत तो सगळ्यात वरच्या फळीवर पोचला, तेव्हा आंटींनी स्वतःच पेढे वाटले.

आणि ते वाक्य. "आणि नसेल तर?" बाहेर हिंदीत, "और नहीं हुआ तो?" भाजीवाला म्हणतो, भेंडी एकदम ताज़ी है. "और नहीं हुई तो?" गॅसवाला म्हणतो, कल आ जाएगा. "और नहीं आया तो?" सोसायटीत लोक त्यांना बघून आपली वाक्यं आधीच दुरुस्त करून बोलतात. माझं स्वतःचं बोलणं या एका वर्षात बरंच सावध झालं आहे.

हे वाक्य आलं कुठून, ते सांगायला हवं. जवळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टांसाठी एक वर्षाची फेलोशिप आहे. ती मॅडम चालवतात, वर्षाला जागा एकच. साडेचार वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं मास्टर्स झाल्यावर हे एक वर्ष. मी विचारलं होतं, "मॅडम, साडेसहा वर्षं शिकल्यावर आणखी काय शिकायचं राहतं?"

"साडेसहा वर्षं गुडघा शिकतात," त्या म्हणाल्या. "ज्याचा गुडघा आहे तो माणूस शिकायचा राहतो."

शिकवण्याची रीत अशी. शिकणारा फेलो खऱ्या पेशंटवर उपचार करतो आणि मॅडम कोपऱ्यात बसून बघतात. मध्ये बोलत नाहीत. पेशंट गेल्यावर तासभर प्रश्न. दुखणं सांध्याचं कशावरून? आणि नसेल तर? कमरेतून येत असेल तर? आणि तसंही नसेल तर? सुरुवातीच्या दहा मिनिटांत पेशंटला हात लावायची परवानगी नाही. "हाथ पीछे," एवढंच ऐकू येतं, आणि फेलो शाळेतल्या मुलासारखे हात पाठीमागे बांधून पेशंटचं ऐकत उभा राहतो.

त्या वर्षीची फेलो होती निधी. गाझियाबादची, सुवर्णपदक मिळवलेली, रोज वैशालीहून मेट्रोच्या ब्लू लाइननं द्वारकेला येणारी. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. पहिले तीन दिवस मॅडमनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि माणसं खुर्चीतून कशी उठतात ते लिहायला लावलं. तिनं घरी फोनवर सांगितलेलं मी स्वतः नंतर तिच्या तोंडून ऐकलं: "मम्मी, मैं कुर्सियाँ देख रही हूँ. हाँ, सिर्फ़ कुर्सियाँ."

आता माझा गुडघा. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी आमच्याच जिन्यात घसरलो. हातात दुधाच्या चार पिशव्या होत्या, त्यांपैकी तीन वाचल्या. उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, वाटी तारेनं बांधली, पाय पाच आठवडे सरळ पट्ट्यात. पट्टा निघाला तेव्हा गुडघा वाकायचं विसरला होता. सर्जन म्हणाले, "एकतीस जानेवारीपर्यंत नव्वद अंश वाकला पाहिजे. नाहीतर भूल देऊन आम्हाला वाकवावा लागेल. त्यात तार निसटायचा धोका आहे." मी त्यांना विचारलं, धोका किती टक्के? ते हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मी निधीचा पेशंट झालो. पहिल्या दिवशी तिनं गोनिओमीटर लावला. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्या तर जे होईल, ते हे यंत्र. वाचन आलं: छत्तीस अंश. मी त्याच संध्याकाळी एक वही घातली. तारीख, सुरुवातीचा कोन, शेवटचा कोन, शेरा. निधीही तिच्या लॉगबुकात हेच लिहायची. महिनाभरात आम्ही दोघं शेअर बाजारवाल्यांसारखे झालो. मी दारातूनच विचारायचो, "बेटा, आज कितना होगा?" ती म्हणायची, "अंकल, आज पक्का दो बढ़ेगा." कोपऱ्यातून आवाज यायचा, "और नहीं बढ़ा तो?" आम्ही दोघंही ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

तेरा जानेवारीला ब्याऐंशी अंश झाले होते.

चौदाला संक्रांत. त्या दिवशी आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबला जाते. पानिपतच्या लढाईत पडलेल्यांना नमस्कार करून, तिळगूळ वाटून संध्याकाळी परत. मॅडम दरवर्षी जातात. बसमधून उतरताना कोण कुठला पाय आधी टाकतं हे त्यांना तिथे एकदम चाळीस माणसांचं बघायला मिळतं. जाताना त्या निधीला म्हणाल्या, "आज सिर्फ़ हल्का काम. वो अपने आप जितना मोड़ें, उतना ही."

आम्ही दोघंच होतो. चूक कुणाच्या डोक्यात आधी आली ते मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. मी म्हणालो, "आठ ही तो हैं." ती म्हणाली, "मैडम लौटेंगी तो सरप्राइज़ हो जाएगा." मी पालथा झोपलो. तिनं घोटा धरला आणि दाबला. मी टेबलाची कड धरली. तिनं दोनदा विचारलं, "अंकल, दर्द?" मी दोन्ही वेळा म्हणालो, "नहीं नहीं, चलो." डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंड खाली असल्यामुळे तिला ते दिसलं नाही. वाचन आलं: एक्क्याण्णव. तिनं टाळी दिली. मी मेट्रोच्या स्टेशनासमोरून रेवडी मागवून वाटली.

संध्याकाळी सात वाजता गुडघ्याचा दुधीभोपळा झाला होता. नलिनीनं बर्फ लावला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं तिथे व्यायाम करता की कुस्ती?" दुसऱ्या दिवशीचं वाचन: एकसष्ट. एक्क्याण्णव वजा एकसष्ट, तीस. महिन्याभराच्या कमाईतला मोठा हिस्सा एका दुपारी गेला आणि हातात सोळा दिवस उरले.

निधी पांढरीफटक पडली होती. लॉगबुक उघडून बसली आणि म्हणाली, "अंकल, कल वाला लिखूँ?"

मला तिच्या जागी माझ्या कार्यालयातले कितीतरी कारकून दिसले. मी म्हणालो, "बेटा, जो हुआ वही लिखते हैं. दोनों लिखो." तिनं दोन्ही आकडे लिहिले.

मॅडम आल्या. आधी पदरातली पुडी सोडून दोघांना तिळगूळ दिला, मग माझा गुडघा बघितला, मग लॉगबुक वाचलं. मी "आणि नसेल तर?"ची वाट बघत होतो. तो प्रश्न आला नाही. त्यांनी विचारलं, "ज़ोर लगाने को किसने कहा?"

"मैंने," निधी म्हणाली.

"मैंने," मी त्याच वेळी म्हणालो.

"अच्छा. दोनों ने." त्यांनी निधीच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या दोन आकड्यांखाली लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचलं. मला ती सवय आहे. मजकूर असा होता की त्या दिवशी मार्गदर्शक गैरहजर होती, पेशंट फेलोवर एकट्यानं सोपवण्याचा निर्णय मार्गदर्शकाचा होता, आणि झालेल्या नुकसानाची जबाबदारीही मार्गदर्शकाचीच आहे. खाली पूर्ण सही.

निधी रडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "रोना बाद में. पहले बताओ, कल इनका चेहरा तुम्हें दिख रहा था?"

"नहीं, मैडम."

"तो फिर किससे पूछ रही थीं, दर्द है क्या? घुटने से?"

तासभर प्रश्न चालले. आवाज एकदाही चढला नाही. शेवटी निधीनं स्वतःच सांगितलं की पेशंट पालथा नको, उताणा हवा, म्हणजे तोंड दिसतं. मग मॅडम मला आणि माझ्या वॉकरला घेऊन सर्जनांकडे गेल्या आणि तीन आठवडे वाढवून मागितले.

सर्जन त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तेही त्यांना ओळखून होते. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "और नहीं हुआ तो, मैडम?"

मला वाटलं आता जुगलबंदी होणार. मॅडम म्हणाल्या, "तो आप कीजिएगा. मैं ऑपरेशन टेबल के पास खड़ी रहूँगी. इन्हें अकेला नहीं छोड़ूँगी." सर्जननी पेन उचललं आणि तारीख एकवीस फेब्रुवारी केली.

त्या पाच आठवड्यांत मॅडमनी माझ्याकडून दोन गोष्टी काढून घेतल्या. गोनिओमीटर आणि वही. वही त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकली. "मोजायचं नाही," म्हणाल्या. मी म्हणालो, "मॅडम, मग सुधारणा होतेय की नाही ते कसं कळणार?" त्या म्हणाल्या, "सकाळी मोजे कोण घालतं तुम्हाला?" मी म्हणालो, नलिनी. "ज्या दिवशी स्वतः घालाल त्या दिवशी कळेल." पहिले दहा दिवस फक्त बर्फ, मांडी आवळणं, सोडणं. मग टेबलाच्या कडेला बसून पाय सोडणं. निधी समोर स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. इतकं टक लावून माझ्याकडे लग्नाआधीसुद्धा कुणी बघितलं नव्हतं. मला आकडा हवा असायचा, मिळायचा नाही. एकदा मी घरी मुलीच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक शोधून काढला. नलिनीनं तो खिडकीतून खाली फेकला आणि म्हणाली, "सांगू का वर जाऊन?"

नऊ फेब्रुवारीला मी मोजे स्वतः घातले. एकवीसला सर्जननी मोजलं: एकशे चार. त्यांनी कागदावर 'रद्द' असं लिहून खाली रेघ ओढली. निधीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. रेवडी या वेळी तिनं आणली.

संध्याकाळी मी वही परत घ्यायला आणि आभार मानायला पाचव्या मजल्यावर गेलो. छत्तीस पायऱ्या, कठडा धरून, पण चढून. मॅडमनी मला सोळा इंची खुर्ची दिली. तिच्यातून उठणं मला महिन्यापूर्वी शक्यच नव्हतं. चहा झाल्यावर मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही तेव्हा निधीवर रागावला नाहीत. मला वाटलं होतं, फेलोशिप जाते तिची."

"रागावले की. तासभर रागावले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलं नाही एवढंच."

मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "मी चोवीस वर्षांची होते. छावणीच्या हॉस्पिटलात लागले. डिपार्टमेंटमध्ये मी एकटी. वरचे साहेब डॉक्टर, त्यांना आमच्या कामातलं काही माहीत नाही. एक जवान आला, साताऱ्याकडचा, गुडघाच. साहेबांची पाहणी सोमवारी होती आणि मला नव्वद करून दाखवायचे होते. मी दाबत गेले. विचारत होते, लागतंय का? तो म्हणायचा, नाही बाई, तुम्ही करा. टॉवेल चावत होता, पाटणकर. मी टॉवेल बघितलाच नाही."

"मग?"

"गुडघा गेला. सुजला, आखडला, पुन्हा कधी नीट वाकला नाही. त्याला फौजेतून घरी पाठवलं. चौकशीत म्हणाला, मी बाथरूममध्ये पडलो. आपल्याकडची पोरगी आहे, तिच्या नोकरीवर येईल, म्हणून." त्या आपल्या कपाकडे बघत होत्या. "मला कुणी रागावलंच नाही हो. साहेब म्हणाले, वेरी सॅड. मी रात्री खोलीवर गेले, भात लावला, जेवले. कुणाला सांगणार? विचारायला कुणी नव्हतं आणि ओरडायलाही कुणी नव्हतं."

"नंतर कधी भेटलात त्याला?"

"पत्र टाकलं होतं दोनदा. उत्तर नाही आलं. पत्ता बरोबर होता की नाही, कुणास ठाऊक." त्यांनी माझी वही पुढे केली. "म्हणून कोपऱ्यात बसते. वर्षाला एक. आत्तापर्यंत अकरा झाले. हॉस्पिटल म्हणतं, मॅडम, तीन-चार घ्या, कॅमेरा लावून बघा. कॅमेऱ्यातून रागावता येत नाही."

अशा वेळी मी आकड्यांकडे वळतो. म्हणालो, "मॅडम, हॉस्पिटलची फी भरली. तुमची काय ते सांगा."

"माझी फी शनिवारी एक तास," त्या म्हणाल्या. "जुलैत नवा फेलो येईल, त्याला गुडघा द्यायचा. आणि एक अट. दुखलं तर दुखतं म्हणायचं. मोठ्यानं. बिचारा नवा आहे, घाबरेल, असलं काही मनात आणायचं नाही."

तेव्हा हिशेब पुरा करतो. हॉस्पिटलला सत्तावीस सेशनचे प्रत्येकी सहाशे प्रमाणे सोळा हजार दोनशे रुपये दिले, पावती आहे. निधी परीक्षा पास होऊन गाझियाबादला नोकरीला लागली. तिला नलिनीनं साडी दिली, किंमत मला सांगितली नाही. सबनीस मॅडमना रोख काही दिलं नाही, त्यांनी घेतलं नसतं. जुलैच्या पहिल्या शनिवारी, अकरा ते बारा, मी टेबलावर उताणा झोपलो. रोहतकचा मोहित नावाचा मुलगा समोर उभा होता, दहा मिनिटं हात मागे बांधून. मग त्यानं घोटा धरला, हळूहळू वाकवला आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "अंकल, दर्द?"

खरं तर फारसं नव्हतं. तो आणखी थोडा पुढे गेला. मग आलं.

"हाँ बेटा," मी मोठ्यानं म्हणालो, "दर्द है."

तो थांबला. कोपऱ्यातून काहीच आवाज आला नाही. मी मान वळवून बघितलं, तर मॅडम चष्मा काढून पदरानं पुसत होत्या.